कढीतलं तांबं

आमच्या घरात तंबाखू कोणी खात नव्हतं, तरी ती सगळ्यांच्या पोटात जायची. आई विड्या वळायची. कसबा पेठेतल्या दहा बाय दहाच्या खोलीत ती सूप मांडीवर घेऊन बसली की बारीक भुकटी उडायची आणि भाकरीवर, पाण्याच्या हंड्यावर, माझ्या पाटीवर येऊन बसायची. वडील झाडूकामगार होते. ते आईला म्हणायचे, "तू वळ, लोक ओढतील, आणि थोटकं माझ्याच झाडूला येतील. एका घरात दोन खाती चालवतोय आपण." आई हसायची आणि मग खोकायची.

कारखान्याचा माणूस विड्या घ्यायला आला की आम्ही हातातलं सोडून त्याच्या बोटांकडे बघायचो. तो एकेक विडी बोटांत दाबून बघायचा. ढिली असली, पान फाटलेलं असलं, की बाजूला फेकायचा. त्याला छाट म्हणायचे. छाट जास्त निघाली की त्या दिवशी डाळीत पाणी जास्त असायचं. पावसाळ्यात पानांना बुरशी धरायची, काम थांबायचं, आणि मग आम्ही चार-चार दिवस कण्या खायचो. कण्यांना आई "खीर" म्हणायची. आम्ही तिघी बहिणी तेवढ्या मोठ्या झालो होतो की तिला खोटं पाडत नव्हतो.

थोरली ताई सातवीतून शाळेबाहेर आली, कारण आईबरोबर ती वळायला बसली तर एकीला शिकता येणार होतं. ती एक म्हणजे मी. हे मला कोणी सांगितलं नाही. ताईचं दप्तर एक दिवस माझ्या खुंटीवर आलं, एवढंच.

आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातली देव्हाऱ्याची फळी रिकामी झाली होती. तिथे आता पुस्तकं ठेवायची असं त्यांनी ठरवलं, पण घरात पुस्तकच नव्हतं. फळी बरीच वर्षं तशीच राहिली. माझं पहिलीचं पुस्तक तिच्यावर गेलं ते पहिलं. एम.एस्सी.ची रसायनशास्त्राची पुस्तकं गेली तेव्हा खिळे निघाले आणि फळी खाली आली. वडिलांनी दुसऱ्या दिवशी लोखंडी ब्रॅकेट आणले. मोठ्या ऐटीत आणले.

रसायनशास्त्रच का, असं मला अजून विचारतात. लोकांना काही थोर कारण हवं असतं. खरं सांगते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रत्येकाला स्वतःची जागा मिळायची. दीड फूट ओटा, एक नळ, एक खण, आणि खणाला कुलूप. घरी मला एवढी जागा कधीच मिळाली नव्हती. ज्या विषयात कुलपासकट खण मिळतो तो विषय मी घेतला.

परीक्षा देऊन मी सरकारी प्रयोगशाळेत लागले, गुन्ह्यांतले नमुने तपासतात तिथे. विभाग विषांचा. आईला सरकारी नोकरी म्हणजे टेबल, खुर्ची आणि पंखा एवढंच माहीत होतं. पहिल्या आठवड्यात मी घरी येऊन सांगितलं की बरण्यांमध्ये मिठाच्या पाण्यात माणसांची आतडी, काळीज येतात, त्यांत विष आहे का ते मी बघते. आईने हातातली विडी वळून दोऱ्याने बांधली. मग म्हणाली, "पंखा आहे ना?"

पंखा होता. त्याच्यामुळेच वास सगळीकडे जायचा.

आईने पुढे त्यातूनही मान मिळवला. आळीत सांगायची, "माझी मुलगी विष शोधते." बायका माझ्याकडे उंदराच्या औषधाची चौकशी करू लागल्या. मला बघायला एक मंडळी आली तेव्हा मुलाच्या आईने विचारलं, "ऑफिसात काय काम असतं आपल्याला?"

मी म्हटलं, "पोटात विष आहे का ते बघते."

"कोणाच्या?"

"बहुतेक मेलेल्यांच्या."

त्या दिवशी पोहे बरेच उरले. ताई म्हणाली, "बरं झालं बाई, मला आवडतात." पुढे लग्न झालं ते एका शिक्षकाशी. तो म्हणाला, माझ्या शाळेतल्या वासापेक्षा वाईट काही नसेल.

आमच्या विभागात एक शिस्त होती. पोलिसांचं पत्र आणि सीलबंद बाटली येते. सीलचा ठसा पत्रावरच्या ठशाशी जुळवायचा. पत्रात जे विचारलं असेल तेच शोधायचं आणि तेवढंच लिहायचं. कोण मेलं, कोणी मारलं, का मारलं, यात शिरायचं नाही. आमचे साहेब म्हणायचे, "आपण पोस्टमनसारखे. पाकीट पोचवायचं. आतलं पत्र वाचून रडायचं नाही." मला ते फार आवडायचं. विड्यांच्या छाटीसारखं नाही. तिथे एका माणसाच्या बोटाच्या मर्जीवर सगळं असायचं. इथे परीक्षानळीत निळा रंग आला म्हणजे आला. कोणाचा बाप काय काम करतो हे परीक्षानळी विचारत नव्हती.

आणि मग मशीन आलं.

उदारीकरणाची ती वर्षं. पेठेत केबलच्या वायरी कपड्यांच्या दोऱ्यांपेक्षा जास्त झाल्या होत्या, ज्याच्या त्याच्या घरातला मुलगा कॉम्प्युटरचा क्लास करत होता, आणि आमच्या विभागात धातू मोजणारं परदेशी मशीन येऊन बसलं. त्याला वातानुकूलित खोली मिळाली. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, असा नियम झाला. साहेबांनी नारळ फोडला आणि पाणी मशीनवर उडू नये म्हणून मला समोर फडकं धरून उभं केलं. विभागात सगळ्यांत तरुण मी, म्हणून मशीन शिकायला पाठवलं तेही मलाच. परत आले ती वेगळीच चाल घेऊन. मशीनमध्ये प्रत्येक धातूचा स्वतंत्र दिवा असतो. तांबं शोधायचं तर तांब्याचा दिवा, शिसं शोधायचं तर शिशाचा. थेंबभर नमुन्यात इवलासा धातू असला तरी आकडा समोर. मी तो आकडा वाचताना आवाज जरा मोठा करायचे, हे आता कबूल करायला हरकत नाही.

एके दिवशी तीन बाटल्या आल्या. एकीत कढी, बाकी दोहोंत उलटीचे नमुने. पत्र असं: सदाशिव पेठेतल्या एका घरी जेवणानंतर पाहुण्यांना उलट्या झाल्या. स्वयंपाकाच्या बाईने कढीत मोरचूद घातल्याचा संशय आहे. तपासून कळवावे. मोरचूद म्हणजे ते निळे खडे, त्यात तांबं असतं. कोणी दगावलं नव्हतं. आमच्या विभागात जिवंत माणसांचे नमुने आले की आम्हाला सुटी मिळाल्यासारखं वाटायचं. मी तांब्याचा दिवा लावला. तिन्ही बाटल्यांत तांबं, आणि कढीत तर चांगलंच. "तांबे आढळले" असं लिहिलं, सही केली आणि उरलेले नमुने नियमाप्रमाणे फ्रिजमध्ये ठेवून दिले. एका दुपारचं काम.

काही महिन्यांनी कोर्टाचं समन्स आलं. एरवी आमचा कागद गेला की पुरतो, पण आरोपीच्या वकिलाने तपासणाऱ्यालाच बोलवा असा अर्ज केला होता. सरकारी वकीलसाहेबांनी आधी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. गोष्ट मला कळली ती तिथे, पहिल्यांदा.

घरातला मुलगा अमेरिकेला निघाला होता. कॉम्प्युटरना दोन हजार साल उजाडल्याचं कळणार नाही म्हणे, तो घोळ निस्तरायला. त्याला निरोप म्हणून सत्यनारायण आणि चाळीस पानांचं जेवण. स्वयंपाकाला नेहमीची बाई. पन्नाशीची विधवा, पेठेत तिच्या हातच्या कढीचं नाव. त्या सकाळी तिचं आणि यजमानीणबाईंचं वाजलं. बाई स्वयंपाक उरकून वाढायला न थांबता तणतणत निघून गेली. दुपारी जेवणं झाली आणि तासाभरात पंधरा-सोळा माणसं मोरीपाशी रांगेत. मुलगाही त्यात. त्याचं विमान चुकलं.

वकीलसाहेब खुशीत होते. "मॅडम, केस अगदी सरळ. बाईच्या घरात मोरचुदाचा पुडा सापडला. कढीत तांबं सापडलं. आणि जाताना ती दारात उभी राहून काय म्हणाली? 'भोगाल!' पाच साक्षीदार आहेत. आपण यायचं, 'हो, तांबं होतं' म्हणायचं, चहा घ्यायचा आणि जायचं."

"मोरचूद कशाला होतं तिच्याकडे?"

"दीर बुकबाइंडर आहे नारायण पेठेत. खळीला कीड लागू नये म्हणून घालतो म्हणे. म्हणणारच ना."

"शिक्षा किती होते?"

"विष दिल्याचं कलम आहे. दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. आणि ते घर सोडणार नाही हो. विमान चुकलंय."

बाहेर पडताना त्यांनी ती बाई हनुवटीने दाखवली. बाकावर बसलेली, पदर अंगाभोवती घट्ट, मांडीवर कापडी पिशवी. शेजारी दीर, त्याच्या नखांत वाळलेली खळ. बाई जामिनावर होती. वकीलसाहेब सहज बोलले की आता तिला पेठेत कोणी चहा करायलाही बोलवत नाही. दोन मुली आहेत, त्या तिच्या कामावर शिकत होत्या.

मी ऑफिसात आले आणि डबा खाताना ही सगळी हकीकत रंगवून सांगितली. मुख्य पात्र अर्थात मशीन. ऐकायला आमच्या हेडक्लार्कबाई होत्या. नारायण पेठेतल्या, निवृत्तीला आलेल्या. समोरच्याची जिरवायला त्या आवाज कधी चढवत नसत.

त्यांनी लोणच्याची फोड बाजूला केली आणि विचारलं, "कढी कशात होती?"

"बाटलीत."

"अहो, तुमच्याकडे आली ती बाटलीत. त्यांच्याकडे कशात होती?"

"पातेल्यात असेल."

"कसल्या?"

"ते आपल्याला कळवलेलं नाही."

"कळवलं नाही म्हणून पातेलं नव्हतं की काय? पितळेचं असेल आणि कल्हई उडालेली असेल, तर कळकणारच की. ताकाची कढी ती. दूध नव्हे."

"कळकणार म्हणजे?"

हेडक्लार्कबाईंनी चपातीचा घास खाली ठेवला. टेबलावरची बाकी मंडळीही थांबली. "आपण एम.एस्सी. ना?"

"हो."

"आणि कळकणं माहीत नाही?"

खरंच माहीत नव्हतं. त्याचं कारण सांगते, म्हणजे कोणी हसणार नाही. आमच्या घरी पितळ नव्हतंच. जी होती ती चार भांडी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, तीही पोचे आलेली. कसब्यात आम्ही तांब्या-पितळेची भांडी ठोकणाऱ्यांच्या आवाजात वाढलो, कल्हईवाला आमच्याच गल्लीत भाता मांडून बसायचा. काळं झालेलं पातेलं तापवून त्यात नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा, मग कथलाचा तुकडा फिरवून कापसाने पुसलं की आतून चांदी. आम्ही पोरं जादू बघावी तशी बघायचो. पण कल्हई म्हणजे भांडं चकचकीत करणं, असंच मी धरून चालले होते. श्रीमंतांचे चोचले. तो कथलाचा थर जेवण आणि पितळ यांच्यामध्ये उभा असतो, तो झिजला की आंबट पदार्थ पितळातलं तांबं ओढून घेतो, हिरवट होतो, खाणाऱ्याला मळमळतं, उलट्या होतात, हे पेठेतल्या कुठल्याही आजीला ठाऊक असलेलं मला ठाऊक नव्हतं. आणि मी तांब्याची तज्ज्ञ होते.

मी साहेबांकडे गेले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपला अहवाल चुकीचा आहे का?"

"नाही."

"तांबं होतं ना?"

"होतं."

"मग? विचारलं तेवढं सांगितलं. आता कोर्टात जाऊन स्वतःच्या अहवालात भोकं पाडणार? सरकारी साक्षीदार आहात तुम्ही."

"साहेब, साक्षीदार सरकारी आहे म्हणून तांबं मोरचुदातलंच असतं असं नाही ना?"

साहेबांनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की दोनच गोष्टी व्हायच्या, मेमो किंवा परवानगी. बराच वेळ चष्मा पुसून झाल्यावर म्हणाले, "वकिलांना विचारा. त्यांनी आणवलं भांडं तर बघू. आणि चुकीचं निघालं तर पोस्टमनने पाकीट फोडलं असं मी म्हणेन."

वकीलसाहेबांकडे कागद पुन्हा पाहायला मागितले. त्यात दोन ओळी होत्या. पंचनाम्यात: एक मोठे पितळी पातेले, तळाशी कढी. आणि बाईच्या जबाबात: मी कढी स्टीलच्या पातेल्यात केली.

"बघा," वकीलसाहेब म्हणाले, "धडधडीत खोटं बोलते."

"किंवा दोन्ही खरं असेल. तिने स्टीलच्या पातेल्यात केली आणि नंतर कोणीतरी पितळेच्यात ओतली."

"कशाला ओतेल कोणी?"

"ते मला कुठे ठाऊक. मी पोट बघते, घर नाही."

त्यांनी फाईल मिटली. "मॅडम, आपण कोणाच्या बाजूने आहात?"

"तुमच्याच. हे मी आज नाही सांगितलं तर तिचा वकील उलटतपासणीत विचारेल, आणि तेव्हा आपण दोघं मिळून तोंडघशी पडू."

हे त्यांना पटलं. त्यांनी अर्ज केला, कोर्टाने परवानगी दिली, आणि एका सकाळी एक हवालदार मोटरसायकलवर मागे बसून, पातेलं बाळासारखं मांडीवर घेऊन आमच्या दारात आला. पातेलं एवढं मोठं की नमुने घ्यायच्या खिडकीतून आत येईना. त्याला भोवतीने कापड गुंडाळून सील केलं होतं, ते लुंगी नेसल्यासारखं दिसत होतं. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "नमुना क्रमांक लिहू की नाव?" हवालदार म्हणाला, "काही लिहा, पण आधी उतरवा. मांडीवरून घसरतंय."

कापड सोडलं. बाहेरून असं लखलखीत घासलेलं की तोंड दिसावं. आतून कल्हईची एक रुपेरी कड तेवढी गळ्याशी उरलेली, खाली सगळं पिवळंजर्द. हेडक्लार्कबाई मुद्दाम बघायला आल्या. वाकून आत पाहिलं आणि म्हणाल्या, "बारा वर्षं तरी कल्हईवाल्याचा हात लागलेला नाही. शो पीस." आणि गेल्या.

तेव्हा मला एक साधी गोष्ट सुचली, जी पहिल्याच दिवशी सुचायला हवी होती. मोरचुदात तांबं असतं. पितळेत तांबं असतंच, पण जस्तही असतं. कढीत मोरचूद पडलं असेल तर तांबं एकटं सापडेल. पातेल्यातून उतरलं असेल तर सोबत जस्त आणेल. आणि मी जस्ताचा दिवा लावलाच नव्हता. कोणी विचारलं नव्हतं.

फ्रिजमधून जुनी कढी काढली. सील नोंदवून फोडलं. जस्ताचा दिवा लावला. एका बाईची दहा वर्षं त्या आकड्यात होती, आणि तो आकडा मी कित्येक महिने फ्रिजमध्ये ठेवून दिला होता. जस्त निघालं. ताक-बेसनात असतं त्याच्या कितीतरी पट. पातेल्यासोबत मागवलेल्या पुड्यातलं मोरचूद तपासलं. त्यात जस्त नावालाही नाही.

साहेब म्हणाले, "एवढ्यावर कोर्ट ऐकणार नाही. करून दाखवा."

म्हणून आम्ही कढी केली. सरकारी प्रयोगशाळेच्या इतिहासात पहिल्यांदा, निदान कागदोपत्री. आंबट ताक, बेसन, मीठ. स्टीलच्या पातेल्यात उकळली, अर्धी तिथेच ठेवली आणि अर्धी त्या पितळी पातेल्यात ओतून मंद आचेवर तीन तास. हेडक्लार्कबाई दर अर्ध्या तासाने दारात.

"कढीपत्ता नाही?"

"बाई, हा प्रयोग आहे."

"मग फोडणी तरी?"

"फोडणी नमुन्यात नव्हती."

"म्हणूनच उलट्या झाल्या असतील."

वास गच्चीपर्यंत गेला. शेजारच्या विभागातले, ज्यांना आमच्या दारावरून जाताना नाकाला रुमाल लागायचा, ते आज आत डोकावून विचारत होते की जेवण कोणाकडून आहे. तीन तासांनी पितळेतल्या कढीवर हिरवट छटा आली. मशीनने आकडे दिले. स्टीलमधल्या कढीत तांब्याचा पत्ता नव्हता. पितळेतल्या कढीत तांबं आणि जस्त, दोन्ही, जवळपास जुन्या बाटलीत होतं त्याच प्रमाणात. मी दुसरा अहवाल लिहिला. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि फक्त "आढळले" या शब्दाखालची रेघ खोडायला लावली. म्हणाले, "ओरडू नका. तांबं तुमच्याशिवायही आढळतं."

कोर्टात यजमानीणबाई पहिल्या रांगेत होत्या, मुलगा नव्हता. तो दुसऱ्या विमानाने गेला होता. आरोपीच्या पिंजऱ्यात ती बाई कापडी पिशवी छातीशी धरून उभी. माझी शपथ झाली. वकीलसाहेबांनी दोन्ही अहवाल पुढे ठेवले आणि बसले. मग तिचा वकील उठला. तरुण होता, घामाघूम.

"पहिल्या अहवालात तुम्ही फक्त तांबं लिहिलं. जस्त का नाही?"

माझ्याकडे उत्तर होतं. शिस्त. पत्रात विचारलं नव्हतं. खरं आणि सुरक्षित. ते बोलायला मी तोंडही उघडलं. पण समोर ती उभी होती, आणि पोस्टमनचं हे उत्तर मी कितीतरी वेळा घोकलेलं होतं.

मी म्हटलं, "माझी चूक. कढी कशात होती हे मी विचारायला हवं होतं. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट कळकतं, हे मला माहीतच नव्हतं."

मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. न्यायाधीशसाहेबांनी वर पाहिलं. "आपलं शिक्षण?"

"एम.एस्सी., साहेब."

"हं. आणि कल्हई?"

"ती नोकरी लागल्यावर शिकले."

आता सगळेच हसले. न्यायाधीशसाहेबांनी हसू लेखणीमागे लपवलं आणि यजमानीणबाईंना पुन्हा साक्षीसाठी बोलावलं. न्यायाधीशांनी स्वतःच विचारलं, "कढी त्या पातेल्यात कोणी ओतली?"

"मीच," यजमानीणबाई म्हणाल्या. "व्हिडिओवाला आला होता. स्टीलचं पातेलं काय दिसणार? सासूबाईंचं पितळेचं पातेलं मुद्दाम माळ्यावरून काढलं, चिंचेने घासलं. अमेरिकेत मुलगा दाखवणार सगळ्यांना, आपली परंपरा."

"आणि किती वेळ कढी त्यात होती?"

"त्याचे साहेब यायचे होते ना कंपनीतले, ते उशिरा आले. तीनेक तास. शेगडीवर गरम ठेवली होती की."

"स्वयंपाकाच्या बाईंशी भांडण कशावरून झालं?"

"ती म्हणाली, मी यात कढी घालणार नाही. सासूबाईंच्या भांड्याला नावं ठेवत होती सगळ्यांसमोर."

"शब्द काय होते तिचे? पूर्ण."

"म्हणाली, कल्हई नाही, यात कढी ठेवाल तर भोगाल."

वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. पाच साक्षीदारांनी शेवटचा शब्द तेवढा लक्षात ठेवला होता.

"कल्हई का केली नाहीत मग?" न्यायाधीशसाहेबांनी विचारलं.

"अहो, कल्हईवाले आता येतात कुठे?" यजमानीणबाई चिडून म्हणाल्या. "त्यांच्या गल्लीत कॉम्प्युटर क्लास निघालेत."

कोर्ट उठल्यावर मी बाहेर आले तेव्हा स्वयंपाकाची बाई व्हरांड्यात नळावर तोंड धूत होती. खटला अजून चालू होता, म्हणून मी थांबले नाही. तीच मागून म्हणाली, रागाने, माझ्यावर नव्हे, सगळ्या जगावर, "मी सांगितलं होतं त्यांना. पहिल्यांदाच सांगितलं होतं. कोणी लिहूनच घेतलं नाही."

मी म्हटलं, "आता लिहिलंय."

तिने पदराने तोंड पुसलं. मग मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "ऑफिसात कढी केलीत म्हणे. डाळीचं पीठ आधी ताकात कालवलंत ना? नाहीतर गाठी होतात."

गाठी झाल्या होत्या.

त्यानंतर आमच्या विभागात अन्नातून विषबाधेचा नमुना आला की पोलिसांना मी एक ओळ लिहू लागले: अन्न कोणत्या भांड्यात होते ते कळवावे, भांडे असल्यास पाठवावे. साहेबांनी ती ओळ आधी खोडली, नंतर छापील पत्रात घातली.

निकाल महिनाभराने लागला. बाई निर्दोष सुटली. निकालपत्रात माझा दुसरा अहवाल उतरवून घेतला आहे, आणि सुटकेचं कारण म्हणून तोच दिला आहे.